वेणुगोपाळाचं नसलेलं गाव

वेणुगोपाळ ठार बहिरा आहे, असं साऱ्या गल्लीला मीच सांगितलं होतं. अजून आठवलं की हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. तोही हसतो, म्हणून लिहायला हरकत नाही.

झालं काय, त्या वर्षी आमच्या घराचा पुढचा भाग रिकामा पडला होता. महामह पुढच्याच वर्षी होतं. बारा वर्षांनी आमच्या कुंभकोणात तळ्यावर आंघोळीला अख्खा मुलूख लोटतो ना, ते महामह. तेव्हा घरात अनोळखी यात्रेकरू घुसण्यापेक्षा आपल्यातलाच भाडेकरू असलेला बरा, असं आमच्या ह्यांचं मत. आपल्यातला म्हणजे मराठी बोलणारा. तंजावरच्या राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले ते इथलेच होऊन गेले. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून म्हणतात, मामी, तुम्ही बखरीतल्यासारखं बोलता. बोलते तर बोलते!

तर वेणुगोपाळ घर बघायला आला. उंच, वाळका, खांबासारखा. आणि खांबालाच टेकून उभा राहिला. मी त्याला विहीर दाखवली, परस दाखवलं, भाडं सांगितलं, आधीच्या भाडेकरणीचं आणि तिच्या जावेचं कशावरून वाजलं ते पहिल्यापासून सांगितलं. ह्याचं आपलं हूं नाही की चूं नाही. नजर कुठे तरी माझ्या डोक्यावरून पलीकडे. माझ्या जिवाला चुटपुट लागली. एवढा तरणा माणूस, आणि ऐकू येत नाही! मग मी घसा फोडून ओरडले, "राहायला या! शुक्रवार चांगला आहे!" तशी त्याने मान हलवली.

राहायला आला तो आई, बायको आणि कॉफी भाजायचा पत्र्याचा पिंप घेऊन. पुढच्या खोलीत त्याचं दुकान. कोळशाच्या शेगडीवर तो पिंप आडवा ठेवायचा, दांडा धरून फिरवत बसायचं, आत बिया भाजल्या की काढून दळायच्या. गल्लीला मी आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे जो येई तो तिण्णैखाली, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्याखाली, उभा राहून बोंबले, "अर्धा पौंड! अर्धा! चिकोरी नको!" आमची गल्ली म्हणजे बाजार झाला होता नुसता. आणि हा शांतपणे पुडी बांधून देई.

महिन्याभराने मी दुपारी ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या द्यायला गेले. पिंप खडखड वाजत होता. आतल्या खोलीत त्याची आई पडल्या पडल्या काही पुटपुटली. मी तिच्या उशाशी होते तरी मला कळलं नाही. तोच बाहेरून ह्याचा आवाज, "उशीखाली आहे बघ, अम्मा."

मी तशीच बाहेर आले. "मेल्या, तुला ऐकू येतं?"

"येतं की मामी."

"मग महिनाभर मी गळा फाडून ओरडते आहे ते?"

"ओरडून बोलणारं माणूस लवकर दमतं, मामी," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मला विचार करायला सवड मिळायची."

विचार कसला? तर गोष्टींचा. हा तमिळमध्ये कथा लिही आणि मद्रासच्या एका साप्ताहिकाला पाठवी. त्यातल्या दोन-तीन छापूनही आल्या होत्या. राजाराणीच्या नव्हेत. ह्याच्या गोष्टीत चंद्रावरचे दवाखाने आणि विजेवर चालणारे स्वयंपाकी. मी म्हटलं, त्यातला एक स्वयंपाकी तुझ्या बायकोला, वेदवतीला, आणून दे आधी.

लिहिण्याची तऱ्हा तर काय सांगू! मेजावर बसून ह्याला एक ओळ सुचत नसे. पिंप फिरवताना सुचे. सुचलं की हात थांबे. हात थांबला की बिया करपत. मग वेदवती आतून धावत येई, "अहो, धूर!" तोवर वाक्य पुडीच्या कागदावर उतरलेलं असे. कधी त्याच कागदात कॉफी बांधून गिऱ्हाईकाला जाई, आणि संध्याकाळी गल्लीतल्या विशालाक्षीच्या घरून चंद्रावरचा दवाखाना परत येई, कॉफीचे डाग पडून. गल्लीला हळूहळू उमगलं. ज्या आठवड्यात कॉफी कडू, त्या आठवड्यात लिखाण जोरात. कुणी तक्रार केली नाही. उलट विचारत, "आज करपवलीस की नाही?"

आता त्याच्या आईचं सांगते, कारण तिच्यावाचून त्याचं पुस्तक झालंच नसतं. मीनाक्षीबाई. आमच्याकडे यायच्या वर्षभर आधी ती इन्नंबूरला, त्यांच्या आधीच्या गावी, विहिरीवर घसरली, कंबरेचं हाड गेलं, ती अंथरुणालाच खिळली. विठ्ठलाची भक्त. पाय होते तोवर गोविंदपुरमला भजनाला चालत जायची. पडून राहावं लागल्यावर तिने मानसपूजा धरली. म्हणजे डोळे मिटायचे आणि सगळी पूजा मनातल्या मनात करायची. पुष्कळ जण करतात, फुलं वाहिली, आरती केली, झालं. हिचं तसं नव्हतं. हिने मनात अख्खं घर बांधलं होतं. विहीर, परस, चूल, देवघर. रोज पहाटे ती तिथे जाई, पाणी शेंदी, सडा घाली, स्वयंपाक करी, विठ्ठल-रखुमाईला जेवू घाली. मध्येच कुणी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणे, "थांबा, हातात तापलेलं पातेलं आहे." आणि सुनेला त्या स्वयंपाकघरात मज्जाव! वेदवती कौतुकाने म्हणायची, "मामी, त्या चुलीला मी अजून हात लावलेला नाही. मला तिथलं मीठ कुठे आहे तेसुद्धा सांगत नाहीत."

मग ती एकादशी आली.

वैद्यांनी बजावलं होतं, म्हातारीला उपास नको. म्हणून घरात सगळ्यांनी एकादशी लपवायची असं ठरलं. मीनाक्षीबाईला सकाळी इडली दिली, तिने खाल्ली. दुपारी मी गेले आणि बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की आज एकादशी म्हणून देवळात ही गर्दी. वेदवतीने मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. म्हातारीचा चेहरा उतरला. वेणुगोपाळ पिंप सोडून आत आला.

"अम्मा, इडलीचं मनाला लावून घेऊ नकोस. आजारी माणसाला माफ असतं."

"इडलीचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. "मी आज तिथे भात केला रे! चांगला ओगराळंभर. विठ्ठलाला एकादशीला भात वाढला, आणि वर मीही जेवले."

"पण तो तर मनातला भात."

"म्हणूनच ना! इथे मी आजारी आहे, मला माफ. तिथे मला काय धाड भरली होती? तिथे मी चालते, पाणी शेंदते, पायऱ्या चढते. तिथे कशी माफी मिळणार?"

वेणुगोपाळ डोकं खाजवत पिंपाकडे गेला. मी गप्प. मी गप्प, म्हणजे बघा!

दुसऱ्या दिवशी तिने प्रायश्चित्त घेतलं. इथे नव्हे, तिथे. पाप तिथलं तर उपासही तिथलाच, असं तिचं म्हणणं. तिथली चूल पेटवली नाही, नुसतं तुळशीपाणी घेतलं. इथे मात्र वैद्यांच्या शब्दाला मान देऊन वाडगाभर पेज प्यायली, वर लिंबाचं लोणचं. आणि संध्याकाळी मला म्हणते, "अंबुजा, भुकेने जीव कासावीस झालाय गं."

मी हसून लोळायची बाकी होते. पण पुढच्या खोलीतून एवढा धूर आला की समोरच्या घरचे बादली घेऊन धावले. पिंपातल्या बियांचा कोळसा झाला होता, आणि वेणुगोपाळ भिंतीला पाठ लावून पुडीच्या कागदावर कागद भरत होता. कादंबरीची सुरुवात ती अशी.

नाव ठेवलं 'नसलेलं गाव'. शंभर वर्षांनंतरची गोष्ट. एका मोठ्या दालनात माणसं ओळीने निजलेली, डोक्यावर तांब्याच्या टोप्या, टोप्यांना तारा. यंत्र त्यांच्या मनात एक गाव उभं करतं, आणि ती सगळी त्या गावात नांदतात. लग्नं होतात, भांडणं होतात. नायक कृष्णमूर्ती. पायांनी अधू. इथे हलता येत नाही, तिथे धावतो.

यंत्र तर ठरलं, पण गाव खरं कसं वाटावं? त्यासाठी ह्याने आमचा जीव खाल्ला. "मामी, स्वप्नात तुम्हांला कधी तिखट लागलंय?" "मामी, तुमच्या माहेरचं दार आठवा. आत उघडतं की बाहेर?" एकदा तिण्णैवर डोळे मिटून बसला आणि मनातल्या मनात पापनाशम्पर्यंत चालत गेला. जेवणवेळेला परत आला म्हणे! दुसऱ्या दिवशी खरोखर गाडीने पापनाशम्ला गेला, मनात काय काय राहून गेलं ते बघायला. आला तो खूश.

"काय राहिलं होतं रे?"

"माशा," तो म्हणाला. "मामी, माझ्या रस्त्यावर माशी नव्हती. रस्त्यात मध्येच थांबवून भलतंच विचारणारा माणूस नव्हता. चपलेत खडा गेला नाही. आपल्याला नको असतं ते आपण मनात आणत नाही. तिथेच खोटेपण कळतं."

तेव्हापासून त्याच्या गावात आधी माशा आल्या, मग भातात खडे, मग उधार साखर मागायला येणारे शेजारी. आणि गाव असं जिवंत झालं, की दर आठवड्याला त्याचं नवं प्रकरण घेऊन साप्ताहिकाचा अंक आला की आमच्या गल्लीत ओढाताण होई.

मीनाक्षीबाईला तमिळ वाचता येत नसे. लेकाला स्वतः वाचून दाखवायची लाज. म्हणून दर आठवड्याला मी तिच्या उशाशी बसून आपल्या मराठीत सांगत जाई. ते गाव कुठून आलं हे तिला पहिल्याच प्रकरणात कळलं. "चूल डाव्या हाताला आहे," ती म्हणाली, "माझीच आहे." रागावली नाही. पण चुका काढी. "दिवे लावले म्हणतो, वाती कुणी वळल्या? विचार त्याला." मी विचारी. पुढच्या प्रकरणात एक म्हातारी वाती वळत बसलेली असे.

सगळं असं छान चाललेलं, तोवर संपादकांचं पत्र आलं. गोष्ट वाचकांना फार आवडली आहे, तिचं पुस्तक काढू. मात्र शेवट ठासून हवा. कृष्णमूर्तीने यंत्र फोडावं, सगळ्यांना जागं करावं आणि सांगावं की खोटं ते खोटं. वाचकाला विज्ञान हवं, वेदांत नको. असा शेवट नसेल तर पुस्तक नाही.

ह्याचं पहिलंच पुस्तक. किती वर्षं कॉफी करपवून मिळवलेलं! मला वाटलं, पत्र घेऊन नाचेल. हा आपला तिण्णैवर गुडघ्यात मान घालून बसला.

"अरे, फोड की यंत्र! तुझ्या बापाचं काय जातं?"

"मामी, अम्मा ऐकणार आहे ना ते," तो हळूच म्हणाला. "खोटं ते खोटं, असं मीच लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे मिटून ती जाईल कुठे?"

मी म्हटलं, "एवढंच ना? वाचणारी मी आहे. तिला दुसराच शेवट सांगेन."

"तिला कळेल. तुम्ही भर घालता ते तिला दर वेळी कळतं."

मला हे नवीनच होतं!

पुढचे आठवडे कॉफी सुरेख झाली. एकसारखी भाजलेली, तांबूस, वासाची. गल्लीतली माणसं एक घोट घेत आणि काळजीत पडत. कृष्णमूर्तीचं पुढे काय झालं, असं मला विहिरीवर विचारत. मी काय सांगणार? मद्रासहून दुसरं पत्र आलं, की शेवटचं प्रकरण लवकर पाठवा, जागा राखून ठेवली आहे.

शेवटी म्हातारीनेच विषय काढला. मी होते, वेदवती भाजी निवडत होती. वेणुगोपाळ तिला कुशीवर वळवायला आत आला होता.

"काय रे, त्या कृष्णमूर्तीला बाहेर आणणार की नाही?"

हा चपापला. "संपादक म्हणतात, यंत्र फोडायचं."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी... त्याला तिथेच ठेवावं म्हणतो."

"तिथेच?" म्हातारी म्हणाली. "वेडा की काय! माणसाने तिथेच राहायचं म्हटलंय कुणी? मी राहते? पूजा आटोपली की येतेच ना रोज परत, वेदवतीचं पाणचट सार प्यायला."

"ऐकते आहे मी!" वेदवती म्हणाली.

"ऐक. बरं असतं. बाहेर तर यायलाच हवं रे. पण फोडून? आपल्या घरातून निघताना भांडी फोडून निघतं का कुणी? मी निघताना चूल विझवते, दूध झाकते, देवाचा पडदा ओढते. शेजारणीला सांगते. 'येते' म्हणते, आणि मग डोळे उघडते."

"तिथे तुला शेजारीण आहे?"

"असणारच. घर म्हटल्यावर शेजारीण आलीच." इथे तिने माझ्याकडे का बघितलं ते मला माहीत नाही.

वेणुगोपाळ तिला अर्धवट वळवलेली तशीच सोडून बाहेर पळाला. आम्ही दोघींनी तिला नीट निजवलं. थोड्या वेळाने तो वास आला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. समोरची सुब्बलक्ष्मी तिच्या दारातून ओरडली, "लागलं का रे लिहायला?"

त्या प्रकरणात कृष्णमूर्ती घर आवरतो. राख काढतो, दूध झाकतो, दिवा मालवतो. दाराशी शेजारची मामी त्याला गाठते, विडा हातात देते आणि बोलत राहते. तो 'येतो मामी' म्हणतो आणि डोळे उघडतो. दालनात. पाय तसेच अधू. स्वतःच्या हाताने डोक्यावरची तांब्याची टोपी काढतो आणि उशाच्या खुंटीला अडकवून ठेवतो. संपलं.

मी ते मीनाक्षीबाईला वाचून दाखवलं. भर न घालता, शपथेवर सांगते. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खुंटीला अडकवली ते बरं केलं. जमिनीवर ठेवली असती तर कुणाचा तरी पाय पडला असता." दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी शेंदायला उठले तर भिंतीपलीकडून तिचं पुटपुटणं ऐकू आलं, तिथले तांदूळ निवडत होती.

आता मद्रासचं उत्तर. आलं ते छोटंसं कार्ड. यंत्र फोडलं नाही हे संपादकांना आधी पटलं नाही, पण ती खुंटी त्यांच्या डोक्यातून जाईना. असाच शेवट राहू दे, पुस्तक निघेल. एकच गोष्ट. दारातल्या मामीची दोन पानं कापावी. निघालेल्या माणसाला उभं करून इतकं कुणीही बोलत नाही. वाचकाला पटणार नाही.

संध्याकाळच्या टपालाने उत्तर धाडायचं होतं. वेणुगोपाळाने एक पाय चपलेत घातला होता, छत्री काखेत, पाकीट हातात. मला दारात बघून थांबला.

"मामी, तुम्हीच सांगा. इतकं कुणी बोलतं की नाही? मी म्हणतो, बोलतं. तुम्ही नाही म्हणालात तर आत दोन ओळी घालतो की कापा म्हणून."

"काप!" मी म्हटलं. "एकदम काप. अरे, संपादक शहाणा माणूस दिसतो. बाई कितीही बोलकी असली तरी माणूस निघालाय हे कळतंच की तिला. विडा दिला, कुंकू लावलं, झालं. दोन पानं म्हणजे काय थट्टा आहे? आता माझंच घे. मी बोलते, नाही म्हणत नाही, पण वेळ बघून बोलते. ती भाडेकरीण होती ना, जिचं जावेशी वाजलं होतं, ती खरी बोलकी. तिने एकदा पाहुण्यांना दारात असं धरून ठेवलं की त्यांची मायावरमची गाडी चुकली. मग त्यांना परत जेवायला घालावं लागलं, आणि घरात फक्त सुरण. सुरणही कसला, खाजरा. तरी मी तिला म्हटलं होतं, चिंच जास्त घाल. पण ऐकेल तर ना! तिच्या माहेरीच मुळी चिंचेचा हात आखडता. तिचा तो भाऊ, बालकृष्ण, तो तर..."

वेणुगोपाळ एका पायात चप्पल घालून उभा होता. हसत नव्हता, काही नाही. मान हलवत ऐकत होता, अगदी बहिरा असल्यासारखा. रस्त्याने टपालाची पिशवी मागे बांधलेली सायकल घंटी वाजवत स्टेशनाकडे निघून गेली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

आतून मीनाक्षीबाईची हाक आली. "वेणू, अजून दारातच का रे? टपाल चुकलं ना?"

"चुकलं अम्मा," तो म्हणाला.

मग त्याने पाय चपलेतून बाहेर काढला, छत्री भिंतीला टेकवली आणि तिण्णैवर बसून पाकीट फोडलं.

"मामी," तो म्हणाला, "दोन पानं काही पुरायची नाहीत. तिसरं घालतो."